वाफेच्या न्हाणीघरातील स्मार्ट स्पीकर: परभणीच्या एका घरातील प्रकरण

परभणी शहरात वसमत रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका जुन्या बैठ्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच राहतात. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात आहे. दिवाळीनंतरच्या थंडीत सर आंघोळ करताना ओल्या फरशीवरून घसरले. दुखापत मोठी नव्हती, परंतु काकू त्या वेळी देवळात गेल्या होत्या आणि त्या परत येईपर्यंत सरांची हाक कोणालाही ऐकू गेली नाही. ही गोष्ट मुलाच्या मनाला लागली. त्याने एक स्मार्ट स्पीकर मागवून घरी पाठवला आणि तो न्हाणीघरातच ठेवावा, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तर नुसत्या आवाजाने आपल्याला फोन लावता येईल, असे सुचवले. डिसेंबरपासून तो स्पीकर न्हाणीघरात चालू होता. फेब्रुवारीत तो बंद पडला. सेवा केंद्राने आत ओलावा गेल्याचे कारण सांगून वॉरंटी नाकारली.

विद्युत सुरक्षेच्या तपासणीचे काम मी करत असल्यामुळे सरांनी मला बोलावले, आणि त्यांचा प्रश्न सरळ होता: दुसरा स्पीकर घ्यावा का, आणि घेतला तर वाफेला टिकणारा कोणता घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर देता देता घरातील ज्या गोष्टी समोर आल्या, त्या स्पीकरपेक्षा बऱ्याच गंभीर होत्या. स्पीकर पाण्याला किती टिकतो याला या प्रकरणात दुय्यम महत्त्व आहे. २३० व्होल्टचा पुरवठा न्हाणीघराच्या किती आत शिरला आहे आणि तो बिघडला तर त्याला अडवणारे घरात काही आहे का, हे आधी पाहावे लागते.

खोली आणि तिच्यातील मांडणी

न्हाणीघर सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि नऊ फूट उंच आहे. शॉवर आहे, पण त्याचा वापर नाही. आंघोळ बादली आणि मगानेच होते. भिंतीवर पंधरा लिटरचा विजेचा गिझर आहे. पाणी बोअरचे आहे, आणि मराठवाड्यातील काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी ज्यांनी वापरले आहे त्यांना नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर वेगळा सांगण्याची गरज नाही. वर एक काचेच्या पट्ट्यांचा झरोका आहे, परंतु थंडीत वारा आत येऊ नये म्हणून त्याला आतून पुठ्ठा लावलेला होता. परभणीची थंडी सौम्य नसते. येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होणे नवलाचे मानले जात नाही. त्यामुळे पुठ्ठा लावण्यामागे कारण होते, आणि वाफ आत कोंडण्यामागचे कारणही तेच होते.

स्पीकर नळाच्या वरच्या कोनाड्यात, साबणाच्या डबीशेजारी ठेवलेला होता. त्याच्या अडॅप्टरची तार बाहेरच्या सॉकेटपर्यंत पुरत नव्हती. म्हणून बोळातील सॉकेटमधून एक एक्स्टेन्शन बोर्ड दाराच्या चौकटीवरच्या फटीतून आत घेऊन खिळ्याला टांगला होता. त्या बोर्डाच्या तारेला मध्येच एक जोड होता आणि तो जोड काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. पट्टीचे टोक वाफेने सुटून लोंबत होते. बोर्डापासून नळ चार फुटांच्या आत होता, आणि बोर्डाच्या नेमके खाली, दारामागे, भरलेली बादली ठेवण्याची जागा होती.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. सर गिझर बंद केल्याशिवाय आंघोळीला बसत नाहीत. ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती अतिशय योग्य आहे. परंतु ज्या घरात गिझरचे बटण इतक्या कटाक्षाने बंद होते, त्याच घरात डोक्यापेक्षा थोड्या उंचीवर टांगलेला चालू बोर्ड कोणालाही खटकला नव्हता. गिझर हे विजेचे उपकरण म्हणून ओळखले जाते. स्पीकर मात्र फोनच्या जातीचा, म्हणून निरुपद्रवी, असा समज झाला होता.

स्पीकर का बिघडला

बंद पडलेल्या स्पीकरची लक्षणे क्रमाने आली होती. प्रथम हाक दिल्यावर तो उशिरा किंवा मुळीच प्रतिसाद देईनासा झाला. दुपारपर्यंत पुन्हा ठीक व्हायचा. नंतर आवाजात खरखर आली. शेवटी तो आपोआप बंद होऊन चालू होऊ लागला आणि एके दिवशी चालूच झाला नाही. घरच्यांनी त्याला दोन दिवस ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवले, कारण भिजलेला फोन धान्यात ठेवावा असे सगळेच सांगतात. त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. धान्यामुळे पाणी फार तर थोडे वाळते. पाण्याबरोबर आत गेलेले क्षार आणि साबण तेथेच राहतात, शिवाय धान्याची पूड छिद्रांत जाते.

स्पीकर उलटा करून पाहिल्यावर वीज जोडण्याच्या खाचेत, मधल्या पिनेभोवती, हिरवट पांढरे कडे जमलेले दिसले. वरचे कापडी आवरण नळाच्या बाजूने कडक झाले होते आणि नखाने खरवडल्यावर त्यातून पांढरी भुकटी पडत होती. एवढ्यावरून बिघाडाचा मार्ग बराचसा कळतो. आंघोळीच्या वेळी उडालेले तुषार कापडात शोषले जातात आणि पाणी उडून गेले तरी बोअरच्या पाण्यातील क्षार कापडात साचत राहतात. त्यांतील काही क्षार हवेतील ओल धरून ठेवतात, त्यामुळे पृष्ठभाग कोरडा दिसला तरी त्यावर वीज वाहून नेणारा पातळ थर टिकतो. वीज जोडण्याच्या पिनेवर सतत बारा-पंधरा व्होल्टचा एकदिश दाब असतो. ओला क्षार आणि असा दाब एकत्र आले की तांबे झिजू लागते आणि त्याचे हिरवे क्षार तयार होतात. आतील सर्किटवर हीच क्रिया दोन जवळच्या वाहकांमध्ये घडली की धातूचे केसासारखे तंतू वाढतात आणि दोन वाहक जोडले जातात. म्हणून असा बिघाड भिजल्याच्या दिवशी दिसत नाही; तो आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर घरच्यांची खात्री पटलेली असते की वाफेने काहीच होत नाही.

वाफेचा हिशेब थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. या खोलीचे आकारमान सुमारे नऊ घनमीटर आहे. १२ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १०.७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते आणि २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम मावते. म्हणजे पहाटेची थंड हवा आंघोळीच्या काळात २५ अंशांपर्यंत तापली असे धरले, तरी ही सगळी खोली काठोकाठ भिजवायला फार तर दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पेल्याएवढेच, पाणी पुरते. कढत पाण्याच्या बादलीतून आणि अंगावरून तेवढे पाणी सहज उडते. त्यापुढची वाफ हवेत मावत नाही आणि जी वस्तू थंड असेल तिच्यावर बसते. फ्रिजमधले गार पाणी तांब्यात ओतल्यावर तांब्याला बाहेरून घाम फुटतो, त्यामागचे कारण हेच आहे.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. सतत चालू असलेला स्पीकर स्वतः किंचित कोमट असतो, त्यामुळे त्याच्या अंगावर दव फरशीपेक्षा कमी धरते. उलट रात्रभर थंड खोलीत बंद ठेवलेला आणि आंघोळीच्या वेळी आत आणलेला स्पीकर आतून-बाहेरून घामेजतो. 'आंघोळीपुरताच आत न्यायचा' हा उपाय सुरक्षित वाटतो खरा, पण उपकरणाच्या दृष्टीने तो थंडीत अधिक वाईट ठरू शकतो.

सुरुवातीचे लक्षण, म्हणजे हाक ऐकू न येणे, याचा खुलासा सोपा आहे. या उपकरणांतील मायक्रोफोनची छिद्रे सुईच्या टोकाएवढी असतात आणि त्यांच्यावर पाण्याचा पडदा बसला की आवाज आत जात नाही. पडदा वाळला की उपकरण पुन्हा ऐकते. मुलाला ज्या एका कामासाठी स्पीकर हवा होता, ते काम नेमके वाफ सर्वांत दाट असतानाच होत नव्हते.

'वॉटरप्रूफ' म्हणजे काय

सरांनी बाजारात चौकशी केली तेव्हा त्यांना आयपीएक्स७ असे लिहिलेला बॅटरीचा स्पीकर सुचवण्यात आला होता. या खुणेचा अर्थ इतकाच की ते उपकरण स्वच्छ पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडवून ठेवले तरी घातक प्रमाणात पाणी आत जाणार नाही. ही चाचणी साध्या तापमानाच्या पाण्यात घेतली जाते. तीत गरम वाफ नसते आणि साबणही नसतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते अधिक बारीक फटीत शिरते. वाफ तर वायुरूपात आत जाऊन आत थंड होते. त्यामुळे ही खूण निरुपयोगी नसली, तरी ती रोजच्या वाफेची हमी देत नाही. चार्जिंगच्या खाचेवरची रबरी टोपी नीट बसलेली नसेल, तर खुणेला अर्थच उरत नाही.

असे असूनही बॅटरीच्या स्पीकरचा एक मोठा गुण मान्य करावा लागतो. तो वापरात असताना त्याचा भिंतीतील विजेशी काहीही संबंध नसतो. तो बिघडला तर पैशाचे नुकसान होते, जिवाचे नाही. केवळ गाणी किंवा सकाळच्या बातम्या ऐकायच्या असतील, तर असा स्पीकर नळापासून दूर ठेवावा, चार्जिंग कायम न्हाणीघराबाहेर आणि खाच पूर्ण कोरडी झाल्यावरच करावे, एवढे पथ्य पुरेसे आहे. परंतु सरांच्या घरी गरज वेगळी होती. आठवणीने चार्ज करावे लागणारे उपकरण संकटाच्या वेळी हाकेला असेलच असे नसते.

टांगलेला बोर्ड

स्पीकरला मिळणारी वीज बारा-पंधरा व्होल्टची असते आणि चांगल्या अडॅप्टरमध्ये ती २३० व्होल्टपासून पूर्णपणे विलग केलेली असते. तेवढा दाब ओल्या अंगालाही सहसा घातक ठरत नाही. म्हणून स्पीकर बादलीत पडला असता तर तो खराब झाला असता, इतकेच. बोर्ड बादलीत पडला असता तर गोष्ट निराळी होती.

न्हाणीघरातील विजेच्या जोडणीसंबंधीचे आय.ई.सी. ६०३६४-७-७०१ हे आंतरराष्ट्रीय मानक खोलीचे विभाग पाडते. टब किंवा शॉवरची ताटली नसलेल्या खोलीत पाणी ज्या ठिकाणाहून पडते तेथून १.२० मीटर अंतरापर्यंतचा आणि २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरला जातो. तेथे साध्या सॉकेटला जागाच नसते. हे माप सरांच्या खोलीला लावले की सात बाय पाच फुटांत दारालगतचा एक अरुंद पट्टा सोडला तर काही शिल्लक राहत नाही. आपल्याकडील बहुतेक न्हाणीघरे याच मापाची आहेत. तेव्हा 'आत कोणत्या कोपऱ्यात बोर्ड ठेवला तर चालेल' या प्रश्नाला अशा खोलीत उत्तर नाही. बोर्ड बाहेरच हवा.

घरात एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारे स्विच, होते, आणि त्यावर सरांचा भरवसा होता. एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करणे हे त्याचे काम नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि २३० व्होल्टला हजाराने भागले तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही काळ वाहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी मात्र सहा किंवा सोळा अँपिअरचा असतो, म्हणजे माणसाला मारणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडण्याचे काम आरसीसीबी करतो, ज्याला जुने वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. सरांच्या घरात तो नव्हता.

आरसीसीबी बसवला की बोर्ड आत ठेवता येईल का, असे मुलाने फोनवर विचारले. उत्तर नाही असेच होते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करतो. बोर्ड प्लॅस्टिकच्या बादलीत पडला, तर पाण्यातून फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमध्ये प्रवाह वाहतो, पण तो सगळा परत येतो. प्लॅस्टिकमुळे त्याला जमिनीची वाट मिळत नाही. आरसीसीबीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. फरक पडतो तो ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस बादलीत हात घालतो तेव्हा. म्हणजे आरसीसीबी पडायला, म्हणजे पुरवठा तोडायला, कारण ठरतो तो माणूसच. बहुतेक वेळा आरसीसीबी तत्काळ पडतो आणि जीव वाचतो, परंतु धक्का बसायचा तो बसतोच, आणि ओल्या फरशीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बसलेला धक्का म्हणजे पुन्हा पडणे आहे. आरसीसीबी हा शेवटचा आधार आहे. तो आहे म्हणून आधीची पथ्ये सोडता येत नाहीत.

अडॅप्टरविषयी एक छोटी सूचना. मूळ अडॅप्टर हरवल्यावर बाजारातून मिळेल तो स्वस्त अडॅप्टर लावण्याची पद्धत आहे. अशा अडॅप्टरमध्ये २३० व्होल्ट आणि बाहेरचा कमी दाब यांच्यातील विलगता भरवशाची नसते, आणि मग 'बारा व्होल्टच तर आहे' हा युक्तिवाद कोसळतो. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो खरा आहे की नाही हे ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येते.

आरसीसीबी सारखा का पडत होता

घराच्या मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्यात आला आणि त्याच संध्याकाळी तो दोनदा पडला. स्थानिक वायरमनचे म्हणणे होते की जुन्या घरात हे असेच होते. तो काढून टाकावा किंवा बाजूने तार देऊन चालू ठेवावा. ही सूचना मी अनेक घरांत ऐकली आहे, आणि अनेक घरांत ती अमलात आलेलीही पाहिली आहे. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, किंवा न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो, आणि मग आरसीसीबी टिकत नाही हे खरे आहे. पण सारखा पडणारा आरसीसीबी काहीतरी सांगत असतो. ते काय आहे हे शोधण्याआधी त्याला गप्प करणे मला कधीच पटलेले नाही.

एकेक सर्किट बंद करून पाहिल्यावर दोष गिझरच्या सर्किटवर आला. गिझर थंड असताना आरसीसीबी टिकत होता. पाणी तापू लागले की पडत होता. गिझर उघडल्यावर आतील हीटिंग एलिमेंटवर क्षारांचे बोटभर जाड कवच निघाले आणि कवचाखाली धातूच्या नळीला तडा गेलेला होता. मेगर या रोध मोजण्याच्या यंत्रावर एलिमेंट आणि टाकी यांच्यातील इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमच्या खूप खाली आला. म्हणजे गिझर चालू असताना त्याच्या टाकीत आणि पर्यायाने पाण्यात वीज उतरत होती, आणि ती जमिनीत नेण्याचे काम एकट्या अर्थिंगवर होते.

अर्थिंगची अवस्था पाहण्यासाठी अंगणातील खड्डा उघडला. वर झाकण म्हणून फरशी होती आणि फरशीवर तुळशीच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. खड्ड्यात पाणी शेवटचे कधी घातले होते हे घरात कोणालाच सांगता आले नाही. परभणीची जमीन काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि कोरडी पडली की आकसून भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती अशी आकसली की पाइप आणि माती यांच्यात पोकळी राहते आणि अर्थिंग कागदावरच उरते. येथे फेब्रुवारीतच पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट पडली होती. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा, काय झाले असते याचा अंदाज करणे अवघड नाही.

सर गिझर बंद करून आंघोळ करत होते, म्हणून आजवर काही घडले नाही. परंतु काकू भांड्यांसाठी गरम पाणी काढताना गिझर चालूच ठेवत असत, आणि नळाला हात लावल्यावर कधी कधी 'झिणझिण्या येतात' असे त्यांनी विचारल्यावर सांगितले. थंडीने येत असतील, असे त्यांना वाटले होते. नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिणणे ही तक्रार घरात कोणीही केली, तर त्या क्षणी गिझरचा पुरवठा बंद करून वायरमनला बोलावले पाहिजे.

एलिमेंट बदलला, टाकीतील क्षार काढले, अर्थिंगच्या खड्ड्यात नवी माती आणि पाणी घातले. त्यानंतर आरसीसीबी एकदाही विनाकारण पडला नाही.

हाक पोहोचते का

मूळ गरज मात्र तशीच होती: पडल्यावर हाक बाहेर जावी. यासाठी नवा स्पीकर न्हाणीघराबाहेर, बोळात, झरोक्याच्या शेजारी लाकडी फळीवर ठेवून पाहिला. झरोक्याचा पुठ्ठा काढला होता. नळ बंद असताना आतून, फरशीवर बसून दिलेली हाक स्पीकरला नीट ऐकू गेली. नळ चालू असताना आणि प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी पडत असताना त्याने एकदाही प्रतिसाद दिला नाही. गुळगुळीत टाइल्सवरून आवाज घुमतो, त्यात पाण्याचा आवाज मिसळतो, आणि हाकेचा शब्द वेगळा काढणे यंत्राला जमत नाही. शिवाय घरातला स्पीकर हिंदीत किंवा इंग्रजीत आज्ञा घेतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आधी मराठीच निघते. काकूंनी हा आक्षेप पहिल्याच दिवशी घेतला होता आणि तो रास्त होता.

आणखी दोन मर्यादा मुलाला स्पष्टपणे सांगाव्या लागल्या. असा स्पीकर ठरवून दिलेल्या संपर्कांना ॲपच्या माध्यमातून हाक पोहोचवतो. त्यावरून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर थेट फोन लागेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दुसरे असे की वीज गेली की स्पीकर बंद आणि राउटरही बंद. ज्या भागात उन्हाळ्यात वीज जाण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येते, तेथे या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. राउटर आणि स्पीकर दोन्ही इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतले, तेव्हा हा प्रश्न निम्मा सुटला.

उरलेल्या निम्म्यासाठी बाजारात मिळणारी बॅटरीवरची बिनतारी घंटा घेतली. तिचे बटण न्हाणीघरात फरशीपासून एक फुटावर, नळाच्या विरुद्ध भिंतीला लावले, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल. घंटा स्वयंपाकघरात आहे आणि तीही बॅटरीवर चालते. या व्यवस्थेत वाय-फाय, भाषा आणि वीज यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. मला स्वतःला स्पीकरपेक्षा ही घंटा अधिक भरवशाची वाटते. मात्र काकू घरात नसतील तर ती निरुपयोगी आहे आणि त्या वेळी स्पीकरच कामाला येईल, हेही मान्य करायला हवे.

दाराची आतली कडी हा मुद्दा कोणीच काढला नव्हता. हाक कितीही दूर गेली तरी आतून कडी लावलेले लोखंडी पत्र्याचे दार उघडायला सुतार नाहीतर लोहार लागतो. कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असा लॅच बसवला. सरांना हे प्रथम रुचले नाही.

खासगीपणाचा प्रश्न

काकूंची एक शंका त्यांनी मुलासमोर न बोलता मला वेगळी विचारली: "हे आतलं बोलणं पुण्याला ऐकू जातं का हो?" शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. स्पीकर हाकेचा शब्द, म्हणजे ज्या शब्दाने तो जागा होतो तो, ऐकण्यासाठी सतत कान देऊन असतो, आणि शब्द ऐकू आल्यानंतरचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. चुकून वेगळ्याच शब्दाला तो जागा झाला तर तेही जाते. काही स्पीकरवर दूरच्या कुटुंबीयाला, घरातल्यांनी होकार देण्याची वाट न पाहता, थेट जोडले जाण्याची सोय असते. पडलेल्या वडिलांशी बोलण्यासाठी ती उपयोगी आहे, पण न्हाणीघराजवळच्या उपकरणावर ती कोणासाठी चालू ठेवायची हे त्या खोलीचा वापर करणाऱ्यांनी ठरवायचे असते. या घरात ती फक्त मुलाच्या खात्यापुरती चालू ठेवली आणि जोडले जाण्याआधी त्याने फोन करून सांगायचे असे ठरले. साठवलेली ध्वनिमुद्रणे आपोआप पुसण्याची सोय ॲपमध्ये चालू केली. पडदा आणि कॅमेरा असलेले उपकरण स्वस्तात मिळत होते. ते या जागेसाठी घेऊ नये यावर चर्चेची गरज पडली नाही.

सध्याची स्थिती

न्हाणीघराच्या आत आता भिंतीवरचा गिझर, उंचावरचा दिवा आणि झरोक्यात बसवलेला सहा इंची एक्झॉस्ट पंखा एवढीच विजेची उपकरणे आहेत. तिन्ही आरसीसीबीच्या संरक्षणाखाली आहेत आणि तिघांची बटणे बाहेर आहेत. पंखा आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू राहतो. पहाटेची थंडी सरांना सोसवत नाही, म्हणून आंघोळ चालू असताना तो बंद ठेवण्याची सवलत त्यांनी मागून घेतली आहे. त्याने वाफ त्या वेळेपुरती कोंडते, परंतु स्पीकर बाहेर असल्यामुळे त्याला हरकत घेण्याचे कारण उरले नाही.

आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहण्याचे काम काकूंनी घेतले आहे. बोअरचे पाणी पाहता गिझरचा एलिमेंट दरवर्षी थंडी सुरू होण्याआधी उघडून पाहावा असे लिहून दिले आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात दर पंधरवड्याला पाणी घालायचे ठरले असून मेमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना, त्याचा रोध पुन्हा मोजायचा आहे. त्या वेळी तो जास्त आला तर पाइपाची जागा बदलून तो धुण्याच्या पाण्याची ओल राहणाऱ्या बाजूला न्यावा लागेल, आणि त्यासाठी अंगणातली फरशी फोडावी लागेल की नाही यावर सरांचा निर्णय अजून झालेला नाही.